आभारातून गाळलेलं नाव

नंदूदादा, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून धड रडलेसुद्धा नाही. सुषमावहिनीला वाटतं, मेधा खंबीर आहे. कसली खंबीर आणि कसलं काय! घाबरलेय मी. सकाळी डोळे उघडले की आधी घाबरायला होतं आणि मग आठवतं की तू नाहीस. हे उलटं व्हायला हवं होतं. आधी तू आठवायला हवास. याचीसुद्धा लाज वाटते.

इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरीकाका येऊन गेले. अंकात तुझ्यावर पानभर मजकूर हवाय म्हणे. जन्म, शिक्षण, नोकरी, समाजकार्य, असे मुद्दे त्यांनी कागदावर काढूनच आणले होते. समाजकार्य! गणपतीत माइक लावायचास आणि तो शिट्ट्या मारायला लागला की कमिटीला शिव्या घालायचास, एवढंच तुझं समाजकार्य. लिहीन त्यांना काहीतरी छानसं. हे लिहितेय ते वेगळं. हे फक्त तुझ्याशी बोलणं आहे, कारण जे सांगायचं राहिलं ते दुसऱ्या कुणाला सांगून भागणार नाही.

पाटणकर बाजारात तुमचं घर वर, आमचं खाली. मी आठवीत होते आणि तू पॉलिटेक्निकमध्ये नुकता शिकवायला लागला होतास. तुझ्या त्या पिवळट कम्प्युटरसमोर मला बसवून म्हणालास, "बिघडव. घाबरू नकोस, बिघडवल्याशिवाय काही कळत नाही." मी इमानेइतबारे बिघडवला. तू दोन दिवस तो दुरुस्त करत बसलास. पुढे पंचवीस वर्षांनी तू नोकरी सोडलीस, मी इंदूरहून परत आले आणि आपण थाटीपुरला झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा अख्ख्या गल्लीने ठरवलं की नंदूचं डोकं फिरलं. सरकारी नोकरी सोडून हा माणूस व्हिडिओ गेम बनवणार!

आणि बनवला काय, तर 'बावडी'. पडदा जवळजवळ काळा. खेळणाऱ्याने कानाला हेडफोन लावायचा आणि नुसत्या आवाजाच्या आधाराने जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरत जायचं. सुरुवातीला गेम नाव विचारतो. आपण ते टाइप करतो आणि विसरून जातो. मग बरंच खाली गेल्यावर मागून, अगदी मानेजवळून, कुणीतरी त्या नावाने हाक मारतं.

पहिल्यांदा मीच खेळून बघितलं. भर दुपार, कूलर घरघरतोय, खाली भंगारवाला ओरडतोय, आणि मागून हळूच, "मेधा." मी हेडफोन भिरकावला तो थेट तुझ्या पोह्यांच्या बशीत. तू इतका हसलास की डोळ्यांतून पाणी आलं. आपला साउंडवाला इमरान म्हणाला, "दीदी डर गईं, मतलब गेम पास." तेव्हाची भीती किती मजेची होती, नाही?

ती हाक मारत होतं कोण, यावरून आपलं खरं भांडण. जगात नावं किती! ती सगळी आधी रेकॉर्ड करून ठेवणं कुणाच्या बापाला जमणार? म्हणून लिहिलेलं वाचून बोलणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, आपण घेतली. ओपन सोर्स. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेली आणि कुणीही घ्या, वापरा, बदला म्हणून उघडी ठेवलेली. तिला मराठी नावं नीट घेता येईनात, तर तू चार महिने बसून उच्चाराचे नियम लिहिलेस. ते नियम त्या लोकांना पाठवलेस, त्यांनी ते घेतले, आणि त्या दिवशी तू सगळ्यांना नया बाजारातून कचोऱ्या आणून खायला घातल्यास. तुझा एवढा फुललेला चेहरा मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

मला वाटत होतं, फुकट आहे, घेतली, संपलं. तू खालून लायसन्स छापून आणलंस आणि लाल पेनाने खुणा करून माझ्यासमोर ठेवलंस. "मेधे, वाच. हे म्हणतात, आमचा कोड तुमच्या गेमच्या पोटात घालून तो लोकांना दिलात, तर तुमच्या गेमचा कोडही असाच उघडा करा."

"अरे पण आपण त्यांचे आभार मानतोय न शेवटी! नाव टाकतोय, मोठ्या अक्षरात."

"त्यांनी आभार मागितलेच नाहीयेत. मी दार उघडं ठेवलं, तूही ठेव, एवढंच म्हणतायत ते."

"आणि मग उद्या कुणी 'बावडी' उचलून स्वतःच्या नावाने विकली म्हणजे?"

"मग त्यांची लायब्ररी वापरू नकोस. सोपं आहे."

असा तिढा घातलास. मी तुला हेकट म्हटलं, तू मला चालू म्हटलंस. मग तूच मार्ग काढलास. बोलणारा भाग एक वेगळा, स्वतंत्र प्रोग्राम म्हणून ठेवायचा, त्याचा कोड सगळा उघडा. आपला गेम बंद. गेमने त्याला फक्त नाव कळवायचं, त्याने हाक मारायची. दोघं शेजारी शेजारी, पण एका घरात नाहीत. कम्प्युटरवर ते उत्तम चाललं आणि माझी बोलती बंद झाली.

तुझी ती आभाराची पद्धत मात्र मला मनापासून आवडायची. नवी आवृत्ती बाहेर जायच्या आधी सगळ्यांनी चटईवर बसायचं. आभाराची अख्खी यादी गेमनेच स्वतःच्या आवाजात वाचून दाखवायची, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. कुणी फोन बघायचा नाही, यादी संपेपर्यंत चहा नाही. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांची नावं ते यंत्र चुकतमाकत घ्यायचं आणि तू डोळे मिटून, मान हलवत ऐकायचास. आपल्या ऑफिसातली पल्लवी हळूच म्हणायची, "सर की आरती शुरू हो गई." तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, उरलेल्या दिवसांत थकवा. नेमका तेव्हाच फोनवरचा गेम करायला घेतला होता. फोनवर तुझी ती दोन घरांची युक्ती चालेना. हाक उशिरा यायची. खेळणारा दोन पायऱ्या पुढे गेला की मग मागून नाव! भीती तर सोडच, हसू यायचं. तारीख तोंडावर आली होती. एका दुपारी मी तुझ्या कम्प्युटरवर बसले, कारण फोनचा गेम तयार व्हायचा तो त्याच मशीनवर, आणि ती लायब्ररी सरळ गेमच्या पोटात घालून टाकली. हाक वेळेवर आली. एकदम मानेजवळून.

संध्याकाळी तुला भेटायला हॉस्पिटलात आले. तू विचारलंस, "वेगळं ठेवलंयस न?" मी म्हटलं, "हो." दादा, इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. तू हाताला पट्टी लावून पडला होतास, तोंड कोरडं पडलं होतं, आणि तेव्हा तुझ्याशी वाद घालायचं माझ्या जिवावर आलं. मनात म्हटलं, बरा होऊन येऊ दे, मग सांगेन. तोवर एखादा उपायही सापडेल. गेम तसाच बाजारात गेला.

तू बरा होऊन आला नाहीस. आली ती हैदराबादची कंपनी. आपला गेम त्यांना पसंत पडला आणि आपल्याला त्यांच्यात सामावून घ्यायचं ठरलं. आपल्याकडे दुसरा रस्ता नव्हता, हे तूच म्हणाला होतास. ऑफिस इथेच राहणार, सहाच्या सहा माणसं राहणार, फक्त पाटी बदलणार. त्याआधी त्यांनी एक लांबलचक फॉर्म पाठवला. गेममध्ये बाहेरचा कोणकोणता कोड आहे, कुठल्या लायसन्सचा आहे, ते सगळं लिहून द्या, आणि आमचा गेम उघडा करायला भाग पाडेल असं काही नाही, याखाली सही करा. मी पुन्हा तुझ्या मशीनवर बसले आणि आभाराच्या यादीतून त्या लायब्ररीचं नाव काढून टाकलं. नाव दिसलं नाही तर कुणी विचारणार नाही, असं वाटलं. तेवढीच अक्कल चालली.

आणि त्या आवृत्तीची यादी तू हॉस्पिटलमधून ऐकलीस. तुझाच हट्ट. मी फोन स्पीकरजवळ धरला, सगळे चटईवर बसले, गेम वाचू लागला. मला वाटलं तू ग्लानीत असशील, तुला कळणार नाही. ज्या जागी ते नाव असायचं, ती जागा आली आणि गेली. यादी संपली. पलीकडून फक्त तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू विचारलंस, "संपली?"

"हो दादा, संपली."

"बरं," म्हणालास. "चहा घ्या आता." तेवढंच. चार दिवसांनी तू गेलास.

त्या 'बरं'च्या मागे काय होतं ते मला कळेना. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर बोलला का नाहीस? ज्याने एवढी वर्षं एकेक नाव डोळे मिटून ऐकलं, त्याला त्यातलं मुख्य नाव गेलेलं कळणार नाही? तू मला काहीतरी खडसावून गेला असतास तर बरं झालं असतं. तुझा तो एक शब्द मी रोज उलटासुलटा करून बघत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादहून फोन आला. कागदपत्रं बघणारे ते सक्सेनासाहेब. त्यांच्याकडे कोड तपासणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते आभाराची यादी वाचत बसत नाही, थेट गेमचं पोट तपासतं. सापडली लायब्ररी. नाव काढल्याचीही नोंद सापडली.

"मेधाजी, ये दोनों बदलाव नंदकिशोरजी के लॉगिन से हुए हैं," ते म्हणाले.

मला क्षणभर काही उमगेना. मग लख्ख कळलं. तुझ्या मशीनवर कुणीही बसलं तरी नोंद तुझ्याच नावाने व्हायची. आपण सगळेच तसं करत होतो, कोण मेला दर वेळी लॉगिन बदलणार! म्हणजे नोंदीप्रमाणे लायब्ररी आत घातलीस ती तू. नाव गाळलंस तेही तू. त्या दुपारी तू हॉस्पिटलात सुया टोचून घेत पडला होतास, हे त्या नोंदीत कुठे लिहिलंय?

सक्सेनासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "देखिए, वो तो अब रहे नहीं. आप एक लाइन लिख दीजिए कि ये उनके स्तर पर हुआ, बाकी टीम को जानकारी नहीं थी. बोलने वाला हिस्सा हम बदलवा देंगे. फाइल बंद." माणूस वाईट नाही, दादा. तो मला वाचवत होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला एवढं हायसं वाटलं की माझे डोळे भरून आले. पहिल्यांदा डोळे भरले ते त्यासाठी. एका ओळीत सगळं सुटत होतं. सहा माणसांच्या नोकऱ्या, ऑफिस, 'बावडी', माझी अब्रू. जे जाणार होतं ते फक्त तुझं नाव, आणि तू काही विचारायला येणार नव्हतास. सोमवारपर्यंत लिहून देते, असं मी म्हटलं.

मग वहिनीकडे गेले. का गेले कोण जाणे. तुझी औषधं परत करायला ती पिशवीत भरत होती. तीच म्हणाली, "अगं, ते तुझा फोन झाल्यावर मला म्हणाले होते, मेधा घाबरलीय. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, घाबरली की ती खोटं बोलते. घरी गेलो की बोलेन तिच्याशी." आणि मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काय झालं होतं गं?"

तर तुला कळलं होतं. आणि घरी येईपर्यंत तू मला वेळ देत होतास, मी आपणहून सांगेन म्हणून. चार दिवस होते माझ्याकडे. चारही दिवस मी आले, मोसंबी सोलून दिली, क्रिकेटच्या गप्पा मारल्या आणि मूग गिळून बसले. वहिनीला तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने औषधांच्या पिशवीला गाठ मारून ती बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्यांच्या नावावर घालणार असशील तर मला आधी सांग. लोकांकडून कळायला नको." रागावली नाही, रडली नाही. मी मान खाली घालून जिना उतरले.

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. लायब्ररी मी घातली, नाव मी काढलं, आणि तसंच लिहून देणार आहे. कंपनीने नाही म्हटलं तर आपल्याला कुलूप लागेल. पल्लवी उठून उभी राहिली.

"मॅडम, सर गेलेत. त्यांना काय फरक पडणार आहे आता? मेरे घर में मैं अकेली कमाने वाली हूँ. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आम्ही सगळ्यांनी बुडायचं का?"

ती चूक बोलली असं मी म्हणूच शकत नाही. "माझी चूक आहे, पल्लवी," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी. चूक तुमची आणि भोगायचं आम्ही." इमरान हळूच म्हणाला, "पर सर का नाम तो नहीं डाल सकते यार." दोघांची जुंपली. अर्ध्या तासाने पल्लवी पर्स उचलून निघून गेली आणि मी फॉर्म उघडला.

जे घडलं ते लिहिलं. लॉगिन तुझं होतं, हात माझे होते. यादीतून नाव मी काढलं, लपवण्यासाठी काढलं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही एक पत्र पाठवलं. तुमचा कोड आम्ही बंद गेममध्ये घालून विकला, नियम मोडला, आता काय करायचं ते सांगा, कोड उघडा करायचा असेल तर करू. तुझे मराठीचे नियम ज्यांनी घेतले, तीच ही माणसं. त्यांनी पत्राच्या वरती छापलेलं तुझं नाव ओळखलं तर काय म्हणतील, या विचाराने पाठवायच्या बटणावर बोट दहा मिनिटं तसंच अधांतरी होतं. दुपारी साडेतीनला दोन्ही गेली. आता संध्याकाळ होतेय आणि कुणाचंच उत्तर नाही. दर दोन मिनिटांनी बघते.

तुला वाटेल, मेधा शहाणी झाली. नाही रे. तू असतास तर मी बहुतेक अजूनही गप्पच राहिले असते. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिले असते. फार तर काय, तू घर डोक्यावर घेतलं असतंस, दोन दिवस बोलला नसतास, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून फोन करून म्हणाला असतास, चल, हे कसं निस्तरायचं ते बघू. त्या भरवशावर मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझा भरवसा होता म्हणूनच बोलता आलं.

हैदराबादचे लोक रागावतील. कदाचित सगळं मोडेल, पल्लवी माझं तोंड पाहणार नाही, वकिलाची नोटीसही येईल. त्याची भीती वाटतेच. पण दादा, ते रागावतील आणि निघून जातील. रागावून झाल्यावर माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसणारं आता कुणी नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटतेय.